तेलाच्या दाबावर सरकणारी काच

जुन्या मोटारीतल्या पॉवर विंडोचा आवाज आठवून पाहा. बटण दाबलं की दाराच्या आतून घर्रर्र असा आवाज येतो, काच थरथरत वर सरकते आणि शेवटी ठक्कन थांबते. 1963 च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने '600' नावाची गाडी मांडली. तिच्यात यातलं काहीच ऐकू येत नसे. बटण हलकं दाबलं तर काच सावकाश वर यायची, पूर्ण दाबलं तर झपकन. त्या दारात विजेची मोटर नव्हतीच. काच हलवत होतं ते तेल.

ही गाडी अचानक उगवली नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी कंपनीच्या कारखान्यांची वाताहत झाली होती. त्यातून सावरत 1951 मध्ये तिने '300' ही मोठी गाडी आणली. पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर ती वापरत, म्हणून लोक तिला 'आडेनाउअर' म्हणू लागले. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, सुरुवातीला 115 अश्वशक्ती. पण मला त्या गाडीतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मागच्या सीटवर माणसं बसली आणि डिकीत सामान भरलं की कुठलीही गाडी मागून खाली बसते. '300' मध्ये डॅशबोर्डवरचा एक खटका दाबला की विजेची मोटर मागच्या सस्पेन्शनमधल्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या, पोलादी दांड्यांना जादा पीळ द्यायची आणि गाडी पुन्हा सरळ व्हायची. माणसाला जाणवणारी प्रत्येक गैरसोय यंत्राने परस्पर निस्तरावी, हा '600' चा सगळा ध्यास इथेच सुरू झालेला दिसतो.

'600' चं काम मुख्य अभियंता फ्रिट्झ नालिंगर यांच्या हाताखाली झालं. आखूड गाडीची लांबी 5.54 मीटर, लांब 'पुलमान'ची 6.24 मीटर. वजन अडीच टनांच्या आसपास. एवढ्या धुडासाठी कंपनीने पहिल्यांदाच प्रवासी गाडीकरता व्ही-8, म्हणजे चार-चारच्या दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर असलेलं, इंजिन तयार केलं: 6.3 लिटर, 250 अश्वशक्ती, इंधन फवारणारा यांत्रिक पंप बॉश कंपनीचा. आखूड गाडी ताशी 205 किलोमीटरपर्यंत जायची आणि शून्यापासून शंभरचा वेग साधारण दहा सेकंदांत गाठायची. त्या काळी कित्येक स्पोर्ट्स गाड्यांनाही हे जमत नव्हतं.

आता तेलाकडे येऊ, कारण खरी करामत तिथे आहे.

विजेची छोटी मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते. त्या वेगावर काच हलवता येत नाही, म्हणून दातेरी चाकांनी तो वेग कमी करावा लागतो. दात्यावर दाता घासला की आवाज आलाच. शिवाय माणसासकट जड सीट उचलायची तर मोटर मोठी हवी, म्हणजे आवाजही मोठा. नालिंगर यांच्या माणसांनी या भांडणात न पडता मोटरच काढून टाकली. इंजिनवर चालणारा एक पंप तेलाला दाब देई, ते दाबाखालचं तेल एका साठवणटाकीत थांबे आणि तिथून बारीक नळ्यांनी गाडीभर पोहोचे. काचा, पुढच्या-मागच्या सीट, सनरूफ, डिकीचं झाकण, 'पुलमान'मध्ये चालक आणि प्रवासी यांच्यामधली काच, सगळं त्याच तेलावर. बटणामागे होता तो एक व्हॉल्व्ह. जितका उघडाल तितकं तेल जाईल, तितकी काच वेगाने सरकेल. नळाची चावी कमी-जास्त फिरवावी तसं.

हा दाब सुमारे 150 बार होता. आपण गाडीच्या टायरमध्ये 32-33 ची हवा भरतो. त्याच मापात मोजलं तर 2,100 च्या पुढे. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, म्हणजे एक चौरस सेंटीमीटरवर, दीडशे किलोंचा भार. द्रव दाबला तरी आकसत नाही, आणि बंद नळीत एका टोकाला दिलेला दाब सगळीकडे तितकाच पोहोचतो, हे पास्कालने सतराव्या शतकात सांगितलं होतं. रस्त्याच्या कामावर जेसीबीचं बकेट दगडमातीसकट उचललं जातं ते याच तत्त्वावर. म्हणूनच बोटभर जाडीचा सिलिंडर जड काच अलगद उचलू शकतो, आणि त्यात घासणारे दाते नसल्यामुळे आवाजही होत नाही. टाकीत दाब शिल्लक असे, त्यामुळे इंजिन बंद असलं तरी काही वेळ काचा चालत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अडथळा आला की काचेने आपोआप थांबावं, अशी सोय त्या काळी नव्हती. एवढ्या जोराने येणाऱ्या काचेत बोट सापडलं तर काय होईल, हे सांगायला नको.

चाकांवरही अशीच मेहनत घेतली होती. पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे होते. त्यांना लागणारी हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर पुरवी आणि गाडी किती भरली आहे ते पाहून व्हॉल्व्ह उंची आपोआप सांभाळत. 'आडेनाउअर'मध्ये जे खटका दाबून करावं लागे, ते इथे कुणाच्या ध्यानातही येत नसे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर किती कडक हवेत, हे चालक स्टीअरिंगजवळच्या दांडीने चालत्या गाडीत बदलू शकत होता. पुढच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेक-डिस्कला एक सोडून दोन कॅलिपर, म्हणजे डिस्क आवळून धरणारे चिमटे, होते. अडीच टनांना दोनशेच्या वेगावरून थांबवायचं म्हणजे ते लागणारच.

राष्ट्रप्रमुख, पोप, गायक, उद्योगपती, सगळ्यांनी ही गाडी वापरली. तरीही 1981 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत जेमतेम 2,677 गाड्या बनल्या. इंजिनाचं नशीब मात्र निराळं निघालं. एरिक वॅक्सनबर्गर या अभियंत्याने ते '600' हून बऱ्याच लहान गाडीत बसवलं आणि 1968 मध्ये '300 एसईएल 6.3' जन्मली. तिच्या साडेसहा हजार गाड्या खपल्या. त्यातल्याच एकीचं इंजिन वाढवून एएमजी या शर्यतीसाठी गाड्या तयार करणाऱ्या कंपनीने 1971 साली बेल्जियममधल्या स्पा इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत ती उतरवली आणि तो चार दारांचा लाल हत्ती दुसरा आला.

तेलाची ती जाळी मात्र सांभाळायला फार अवघड. नळ्यांच्या सांध्यांत आणि सिलिंडरांत तेल गळू नये म्हणून रबरी ऑइल सील असतात. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ते रबर कडक होतं, चिरतं आणि दाबाखालचं तेल वाट शोधतं. दाराच्या आतल्या अस्तरावर काळपट ओला डाग दिसू लागतो, दाब उतरतो, आणि एका काचेची गळती बाकी सगळ्यांची ताकद खाते. पुढे छोट्या मोटरी स्वस्त झाल्या, त्यांचा आवाजही कमी झाला, आणि काचेसाठी तेलाच्या वाटेने पुन्हा कुणी गेलं नाही. आज '600' दुरुस्त करणारा कारागीर दारामागून दार उघडतो, सील बदलतो, पंप सुरू करून टाकीत दाब भरू देतो, मग इंजिन बंद करतो. गॅरेजमध्ये शांतता झाली की बटण दाबून कान देतो. काच वर येताना काही ऐकू आलं, तर दार पुन्हा उघडायचं.