सर्व्हरला दुसरी डिस्क जोडतात ती रीत आली कुठून

परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बसलो होतो. त्यांचं बिलिंग आणि डिझाइनचे सगळे फोटो एका भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या मशीनमधला आपल्याला दिलेला हिस्सा) आहेत, डिस्क ४० जीबीची आणि ती शंभर टक्के भरलेली, त्यामुळं डेटाबेस बंद, बिल निघंना आणि बाहेर माल भरून गाडी उभी. सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरच्या पॅनलमधून दुसरी डिस्क घेतली, जोडली, फोटो तिकडं हलवले, काम झालं. मालकांचा मुलगा शेजारी बसून सगळं बघत होता, त्यानं दोन प्रश्न विचारले. "दादा, डिस्क जोडली म्हणताय मग डी ड्राइव्ह कुठं दिसंना की ओ?" आणि दुसरा, "आहे तीच डिस्क मोठी का नाही केली?" दोन्ही प्रश्न एकदम बरोबर आहेत, पण उत्तर एका वाक्यात बसत नाही, कारण त्यामागं साठ-सत्तर वर्षं आहेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवातीला डिस्क म्हणजे खरोखरच कपाट होतं. आयबीएमनं १९५६ साली रॅमॅक नावाचं मशीन आणलं, त्याच्या डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या आणि त्या सगळ्या मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावायची, म्हणजे आजच्या मोबाईलचा एक फोटो. जागा कमी पडली की अजून एक कपाट आणायचं आणि वायरीनं जोडायचं. "डिस्क अटॅच करा" असं आपण आज बटण दाबताना म्हणतो, त्यामागची कल्पना हीच.

मग या महागड्या कपाटाचे तुकडे करायची गरज पडली. १९७२ मध्ये आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं, ज्यात एका मोठ्या कॉम्प्युटरवर अनेक लोकांना आपापला वेगळा कॉम्प्युटर असल्यासारखा वापरता यायचा. त्यात खऱ्या डिस्कचा एक पट्टा कापून एकेकाला द्यायचे, त्याला मिनीडिस्क म्हणायचे, आणि घेणाऱ्याला वाटायचं ही माझी स्वतंत्र डिस्क आहे. आज तुम्ही पॅनलवर "५० जीबी व्हॉल्यूम" घेता ती कल्पना हीच, फक्त आता पट्टा कापणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि मागं एक डिस्क नसून डिस्कांचा ढीग. क्लाउड ही काल-परवाची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल लक्षात ठेवा.

त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण इथंच सुरू होतं. व्हीएमवर सीएमएस नावाची सिस्टीम चालायची, तिच्यात डिस्कला ए, बी, सी अशी अक्षरं द्यायचे. ती पद्धत पुढं छोट्या कॉम्प्युटरच्या सीपी/एम या सिस्टीममध्ये गेली, तिथून डॉसमध्ये आणि डॉसमधून विंडोजमध्ये, ए आणि बी फ्लॉपीला गेले म्हणून हार्डडिस्क सी झाली, आणि तेच आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलं. युनिक्स नावाची सिस्टीम बनवणाऱ्यांनी वेगळीच वाट धरली. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी फायलींचं एकच झाड ठेवलं, मुळाशी एक आणि सगळ्या फांद्या त्यालाच. नवी डिस्क आली की तिला अक्षर द्यायचं नाही, झाडावरची एखादी फांदी निवडायची आणि डिस्क तिथं टांगायची, त्याला माउंट म्हणतात. कारखान्याचा सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि लिनक्सनं युनिक्सचीच ही रीत उचलली, म्हणून तिथं डी ड्राइव्ह दिसत नाही. १९७१ च्या सुमारास पीडीपी-११ या कॉम्प्युटरवर त्यांची सिस्टीम पहिल्या डिस्कवर होती आणि वापरणाऱ्यांच्या फायली दुसरीवर, ती दुसरी टांगलेली जागा म्हणजे यूएसआर. पुढं पहिली डिस्क भरली, तर सिस्टीमचेच उरलेले प्रोग्रॅम त्यांनी यूएसआरमध्ये सरकवले. म्हणजे आपण परवा कारखान्यात जे केलं तेच! त्या एका भरलेल्या डिस्कमुळं बिन आणि यूएसआर-बिन असे प्रोग्रॅम ठेवायचे दोन फोल्डर पुढची चाळीस वर्षं जगभर चालले, फेडोरा या लिनक्सनं २०१२ मध्ये ते एकत्र केले. मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग वाटतो.

पीसीच्या बाजूला १९८३ साली आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्डडिस्क घेऊन आला आणि डॉस २.० बरोबर पार्टिशन टेबल आलं, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत याची यादी. चारच प्रायमरी पार्टिशन, आणि मोजायचे आकडे ३२ बिटी, त्यामुळं ५१२ बाइटच्या सेक्टरनं (डिस्कवरचा मोजायचा छोटा तुकडा) धरलं तर २ टीबीच्या वर जाताच येत नाही. तेव्हा कुणाला ते कमी वाटलं नसणार. पण त्याच मर्यादेपायी आज मोठी डिस्क जोडताना जीपीटी हा पार्टिशन टेबलचा नवा प्रकार निवडावा लागतो, चुकून जुनाच प्रकार निवडला तर वरची जागा दिसतच नाही.

आता दुसरा प्रश्न, आहे तीच का वाढवली नाही. इथं आपल्या सोलापूरचं उदाहरण देतो. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून गच्चीवर एक टाकी पुरत नाही, माणूस दुसरी आणतो. दुसरी टाकी दोन प्रकारे बसवता येते. एक म्हणजे तिला वेगळा पाइप, वेगळा नळ, बाथरूमचं पाणी तिच्यातून. दुसरं म्हणजे दोन्ही टाक्या खालून पाइपनं जोडायच्या, पाण्याची पातळी एकच राहते आणि खालच्या माणसाला कळतही नाही की वर दोन टाक्या आहेत. पहिला प्रकार म्हणजे माउंट. दुसरा म्हणजे एलव्हीएम, लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, अनेक डिस्क एकत्र करून एकच असल्यासारख्या दाखवणारं सॉफ्टवेअर. आयबीएमच्या एआयएक्समध्ये आणि एचपीच्या एचपी-यूएक्समध्ये (दोन्ही युनिक्सचेच प्रकार) तो आधीच होता, एचपीचा नमुना समोर ठेवून हाइंत्स माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिनक्ससाठी लिहिला, आणि २००३ च्या डिसेंबरात लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याची २.६ आवृत्ती आली, त्यात डिव्हाइस मॅपर नावाचा भाग आला ज्यावर आजचा एलव्हीएम२ उभा आहे. त्याच्या कमांड अशा: डिस्क एलव्हीएमसाठी तयार करायची म्हणजे पीव्हीक्रिएट, ती सगळ्यांच्या सामायिक भांड्यात टाकून भांडं मोठं करायचं व्हीजीएक्स्टेंड, भांड्यातला हिस्सा वाढवायचा एलव्हीएक्स्टेंड, आणि शेवटी फाइलसिस्टीमला, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेला, सांगायचं की बाई जागा वाढलीय, पसर. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात आणि मग म्हणतात डिस्क टाकली तरी जागा तेवढीच कशी.

फाइलसिस्टीमचा पण स्वभाव असतो. ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम चालू असताना वाढवता येते, कमी करायची असेल तर झाडावरून उतरवून (अनमाउंट) करता येते. एक्सएफएस, जी सिलिकॉन ग्राफिक्सनं नव्वदच्या दशकात आपल्या आयरिक्स या सिस्टीमसाठी बनवली आणि २०१४ च्या रेड हॅट ७ या लिनक्सपासून तिथं डीफॉल्ट झाली, ती वाढते पण मागं घ्यायची सोय जवळपास नाहीच.

पुढचं थोडक्यात. व्हीएमवेअरनं १९९९ मध्ये साध्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन आणलं, २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स, आणि डिस्क म्हणजे चक्क एक फाइल झाली. व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ मध्ये लिनक्स कर्नलमध्येच आलं. ॲमेझॉननं २००६ मध्ये ईसी२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली तेव्हा मशीन बंद करून टाकलं की त्याच्या डिस्कवरचं सगळं जायचं, टिकणारी आणि वेगळी जोडता-सोडता येणारी डिस्क म्हणजे ईबीएस, ती २००८ मध्ये आली. २०१७ पासून त्यांच्याकडं जोडलेली डिस्क मशीन चालू ठेवूनच मोठी करता येते, आणि आता इतरांकडंही ही सोय असते.

मग मी तीच का नाही वाढवली? एक तर तिथं एलव्हीएम घातलेलंच नव्हतं. आणि असतं तरी मी फोटोंसाठी वेगळीच टाकी बसवली असती, हे माझं ठाम मत आहे. जोडलेल्या टाक्यांत एकीला तडा गेला तर दोन्ही रिकाम्या होतात, तसं एलव्हीएमच्या साध्या जोडणीत एक डिस्क गेली की सगळी फाइलसिस्टीम जाते, शिवाय स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची नक्कल, घ्यायचा तर दोन्हींचा एकाच क्षणी घ्यावा लागतो. वेगळी असली की फोटोंनी ती भरली तरी डेटाबेस थांबत नाही, आणि उद्या सर्व्हर बदलला तर डिस्क सोडून नव्याला लावता येते. डेटाबेसच वाढत असता तर मात्र विचार वेगळा केला असता.

निघायच्या आधी एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं टांगायची त्या यादीत, ओळ लिहिली, एसडीबी असं डिस्कचं नाव न टाकता यूयूआयडी हा तिचा कायमचा ओळख क्रमांक टाकून, कारण रीबूटनंतर नावं अदलाबदल होऊ शकतात, आणि सोबत नोफेल, म्हणजे कधी डिस्क नाही मिळाली तरी सर्व्हर उठेल. मग गाडी गेल्यावर संध्याकाळी त्याच मुलाच्या हातून एकदा रीबूट करून घेतला. सर्व्हर वर आला, फोटो जागेवर होते, आणि जागा दाखवणारी डीएफ कमांड मारल्यावर त्याला नवी ओळ दिसली तेव्हा तो म्हणाला, "हां, ही बघा टांगलेली."