इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज

झुंपा लाहिरी यांचा पहिला इंग्रजी कथासंग्रह. नऊ कथांचे हे पुस्तक १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्याला ललित साहित्याचे पुलित्झर पारितोषिक आणि पेन/हेमिंग्वे पुरस्कार मिळाला. लाहिरी यांचा जन्म १९६७ मध्ये लंडनला एका बंगाली कुटुंबात झाला. त्या वाढल्या अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात. संग्रहातील सहा कथा ईशान्य अमेरिकेत घडतात, तीन भारतात.

यातली माणसे बहुतेक बंगाली, शिकलीसवरलेली. घरात फारशी आदळआपट नाही, आवाज चढत नाही. विषय टाळले जातात एवढेच. मनात दाबून ठेवलेले कधी बाहेर पडलेच, तर ते भलत्याच माणसापुढे पडते किंवा वेळ टळून गेल्यावर. लाहिरी यांची खरी ताकद या टाळाटाळीच्या चित्रणात आहे.

शीर्षककथेतील कापासी ओडिशात एका डॉक्टरकडे दुभाष्याचे काम करतात. गुजराती रुग्णांच्या तक्रारी डॉक्टरांना समजावून सांगतात. मुलाच्या विषमज्वराच्या उपचारांचे पैसे फेडण्यासाठी धरलेले हे काम मुलगा दगावल्यावरही सुटलेले नाही, आणि बायकोला त्याचे जराही कौतुक नाही. आठवड्यातून दोन दिवस ते पर्यटकांना गाडीतून फिरवतात. अमेरिकेहून आलेल्या दास कुटुंबाला कोणार्कचे सूर्यमंदिर दाखवायला नेताना मिसेस दास त्यांच्या या कामाविषयी आस्थेने विचारतात, पत्ता लिहून घेतात. तेवढ्यावर कापासी मनातल्या मनात पुढच्या पत्रव्यवहाराचे इमले बांधतात. नंतर उदयगिरीच्या पायथ्याशी, गाडीत दोघेच असताना, बाई आठ वर्षे दडवलेली गोष्ट सांगतात: मधला मुलगा बॉबी नवऱ्याचा नाही. त्यांना या व्याधीवर उतारा हवा आहे. कापासी मात्र ही वेदना आहे की अपराधाची टोचणी, असे विचारून बसतात आणि दोघांतला धागा तिथेच तुटतो. पत्त्याचा कागद वाऱ्यावर उडून जातो, तो त्यांच्याखेरीज कोणाच्या लक्षातही येत नाही. लाहिरी यांच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी बॉस्टनजवळ रशियन रुग्णांसाठी असेच काम केले होते; ‘व्याधींचा दुभाष्या’ अशा अर्थाचे हे शीर्षक त्यावरून सुचले.

‘अ टेम्पररी मॅटर’ ही माझ्या मते संग्रहातली सर्वांत सशक्त कथा. शोभा आणि शुकुमार यांचे मूल मृत जन्मले आहे, आणि तेव्हापासून एकाच घरात दोघे एकमेकांना चुकवत राहतात. दुरुस्तीसाठी पाच दिवस रोज रात्री आठला तासभर वीज जाणार, अशी सूचना येते. अंधारात आजवर न सांगितलेले काहीतरी एकमेकांना सांगायचे, असा खेळ सुरू होतो. सुरुवात अगदी किरकोळ कबुल्यांपासून: पहिल्यांदा त्याच्या घरी एकटी असताना आपले नाव लिहिलेय का हे पाहायला तिने त्याची पत्त्यांची वही चाळली होती. वाचकाला वाटते, दोघे पुन्हा जवळ येताहेत. वस्तुतः ती वेगळे राहण्याची बातमी सांगण्यासाठी धीर गोळा करत असते. त्यावर तो जे सांगतो ते तिला कधीच कळायला नको होते: बाळ मुलगा होता आणि त्याने त्याला हातात घेतले होते. मोकळेपणाने बोलले की सगळे निवळते, हा आपला समज या कथेपुढे टिकत नाही.

लाहिरी भावना वर्णन करून सांगत नाहीत, त्या वस्तूंवर सोपवतात. ‘मिसेस सेन्स’मधील विळी पाहावी. प्राध्यापकाची ही बायको जमिनीवर वर्तमानपत्र पसरून रोज भाजीचा डोंगर चिरते. तिने सांभाळायला घेतलेला अमेरिकन मुलगा एलियट समोर बसून पाहतो. कलकत्त्याला लग्नघरी शेजारणी आपापल्या विळ्या घेऊन गच्चीवर जमत आणि रात्रभर गप्पा मारत भाजी चिरत, हे ती त्याला सांगते. इथल्या शांततेत तिला झोप लागत नाही. मराठी वाचकाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मिस्टर पीरझादांच्या कथेत हेच काम खिशातले घड्याळ करते. १९७१ च्या युद्धात ज्याची बायको आणि सात मुली ढाक्यात अडकल्या आहेत असा हा माणूस परक्या घरी जेवायला बसतो तो ढाक्याची वेळ समोर ठेवून.

भारतातल्या उरलेल्या दोन कथा, जिना झाडणाऱ्या बूरी माची आणि आजारी बीबी हालदारची, तुलनेने लांबून पाहिलेल्या वाटतात. शेजारपाजारच्या नजरेतून त्या दोघी दिसतात, पण त्यांच्या मनाच्या आत फारसे शिरता येत नाही. ‘सेक्सी’ व ‘धिस ब्लेस्ड हाउस’ यांत विवाहित पुरुषाशी संबंध आणि नवा संसार हे विषय येतात.

शेवटची ‘द थर्ड अँड फायनल काँटिनेंट’ ही कथा या सगळ्यांत उजळ आहे. १९६९ मध्ये बॉस्टनला आलेला निवेदक १०३ वर्षांच्या मिसेस क्रॉफ्ट यांच्याकडे भाड्याने राहतो. ठरवून झालेल्या लग्नाची बायको, माला, तिथे आली तरी अनोळखीच असते. म्हातारीने मालाला नखशिखांत न्याहाळून पसंतीची पावती देताच पतिपत्नी प्रथमच एकमेकांकडे पाहून हसतात.

२००८ च्या ‘अनअकस्टम्ड अर्थ’ या पुढच्या कथासंग्रहात लाहिरी स्थलांतरितांच्या मुलांकडे वळल्या. तिथल्या कथा अधिक लांबीच्या आहेत, आणि शेवटच्या तीन हेमा व कौशिक या दोघांभोवती गुंफल्या आहेत.