रेखाचित्रांचे स्कॅनिंग आणि सफाई

कागदावर पेन्सिलीने किंवा शाईने काढलेले चित्र स्कॅनरने संगणकात घ्यायचे, त्यातला कागदाचा रंग, धूळ, डाग आणि कच्च्या रेघा काढायच्या आणि उरलेली रेघ स्वतंत्र लेअरवर (एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर) आणून तिच्याखाली रंग भरता येईल अशी फाइल करायची, या कामाला रेखाचित्राची सफाई म्हणतात. दिवाळी अंकांतली व्यंगचित्रे, मुलांच्या पुस्तकांतली चित्रे, लग्नपत्रिका, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची शाळांची पोस्टरे, पैठणी-हिमरूचे नमुने अशा नाना कामांत तिची गरज पडते.

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी हे काम बहुधा झेरॉक्स किंवा डीटीपीच्या दुकानातल्या ऑल-इन-वन प्रिंटरवर होते. त्या यंत्रावर दिवसभर सातबारा, टीसी, आधार कार्ड स्कॅन होत असते आणि सेटिंगही त्याच कामाचे असते. कागदपत्रातले अक्षर वाचता आले की काम झाले. चित्रात मात्र रेघेची कड जशीच्या तशी यावी लागते. चित्रे बिघडतात ती मुख्यतः हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

रेघेची करडी कड

शाईची रेघ स्कॅन करून पडद्यावर आठपट मोठी केली, तर मधोमध जवळजवळ काळे पिक्सेल दिसतात आणि दोन्ही अंगांना एक-दोन पिक्सेल रुंदीची करडी किनार दिसते. डोळ्याला रेघ गुळगुळीत वाटते ती या किनारीमुळे. स्कॅनरवर ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ हा पर्याय निवडला की प्रत्येक करडा पिक्सेल एक तर पूर्ण काळा होतो किंवा पूर्ण पांढरा. रेघेला पायऱ्या पडतात, बारीक रेघ मधेच तुटते, आणि गेलेली किनार नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून शाईचे चित्र ८ बिट ग्रेस्केलमध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ करड्या छटांत), ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० पिक्सेल) स्कॅन करावे.

६०० का, हे रेघेच्या जाडीवरून कळते. ०.१ मिमी जाडीची रेघ ३०० डीपीआयला जेमतेम सव्वा पिक्सेल भरते, ६०० ला ती सुमारे अडीच पिक्सेल होते. ०.३ मिमीची रेघ ३०० ला साडेतीन आणि ६०० ला सात पिक्सेल. सव्वा पिक्सेलच्या रेघेत काळा गाभा आणि करडी कड दोन्ही मावत नाहीत. ए-४ कागद ६०० डीपीआयला ४९६० × ७०१६ पिक्सेलचा होतो; ग्रेस्केलमध्ये तो सुमारे ३५ एमबी, तर २४ बिट रंगीत स्कॅनमध्ये सुमारे १०४ एमबी जागा घेतो. १२०० डीपीआय फक्त तळहाताएवढे चित्र मोठे छापायचे असेल तेव्हाच उपयोगी. डीपीआय पाहताना यंत्राचा ‘ऑप्टिकल’ आकडा धरावा. त्यावरचे आकडे सॉफ्टवेअरने ताणलेले असतात.

फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवावी. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून ते दाबते, त्यामुळे काळ्या रेघेभोवती करड्या ठिपक्यांची भुकटी उडाल्यासारखी दिसते. हे ठिपके पुढे रंग भरताना आडवे येतात. व्हॉट्सअॅपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवले तरी तेच होते आणि आकारही घटतो. पाठवायचेच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

स्कॅनरपर्यंत जाण्याआधी

संगणकावरचे निम्मे काम कागदावरच वाचवता येते. शाई पूर्ण वाळल्याशिवाय, शक्यतो रात्र गेल्याशिवाय, खोडरबर फिरवू नये. रबराने शाईचा वरचा थर निघतो आणि काळी रेघ राखाडी होते. खोडरबराचा भुगा हाताने झटकला तर हाताचे तेल कागदाला लागते. त्यासाठी मऊ ब्रश वापरावा. व्हाइटनर टाळावा. त्याचा पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळत नाही, वाळल्यावर थर उंच राहतो आणि स्कॅनमध्ये त्याच्या काठाला सावली येते. चुकलेली रेघ तशीच ठेवून संगणकावर पुसणे केव्हाही सोपे.

कागद पातळ असेल किंवा मागच्या बाजूलाही चित्र असेल तर मागचे चित्र पुढे झिरपल्यासारखे दिसते. अशा वेळी कागदाच्या पाठीवर काळा कार्डपेपर ठेवून झाकण लावावे. सगळा कागद थोडा काळवंडतो, पण सारखा काळवंडतो, आणि मागच्या रेघा दिसेनाशा होतात. सारखा काळपटपणा पुढे एका फटक्यात निघतो.

यंत्र आणि धूळ

स्वस्त ऑल-इन-वन यंत्रांत सहसा सीआयएस पद्धतीचा सेन्सर असतो. तो काचेला अगदी चिकटलेल्या कागदावरच नीट फोकस होतो. सुरकुती किंवा घडीमुळे कागद एक-दोन मिमी उचलला गेला तरी तिथली रेघ धूसर येते. सीसीडी सेन्सरचे स्कॅनर याबाबत बरेच सहनशील असतात. वरच्या फीडरमधून मूळ चित्र कधीही घालू नये. रोलरने पेन्सिल फासली जाते, कागदाला वळ्या पडतात, आणि फीडरखालच्या अरुंद काचेवर एक कण जरी असला तरी पूर्ण पानभर उभी रेघ उमटते.

मार्च ते जूनमध्ये इथली धूळ हा वेगळाच विषय आहे. सकाळी पुसलेल्या काचेवर दुपारी पुन्हा थर दिसतो. स्कॅन करताना पंखा बंद ठेवावा, काच मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावी. द्रव लावायचा तर कापडावर घ्यावा. थेट काचेवर फवारला तर तो कडेने आत उतरतो, आणि आतल्या बाजूचा डाग यंत्र उघडल्याशिवाय निघत नाही. डाग काचेवर आहे की कागदावर, हे ओळखायला एक कोरा कागद दोनदा स्कॅन करावा, दुसऱ्यांदा थोडा सरकवून. जागचा न हललेला ठिपका काचेचा.

स्कॅनरच्या ड्रायव्हरमधले ऑटो एक्सपोजर, बॅकग्राउंड रिमूव्हल, शार्पन आणि डस्ट रिमूव्हल हे चारही पर्याय बंद करावेत. शार्पन सुरू राहिले तर रेघेच्या बाजूने पांढरी झालर येते. डस्ट रिमूव्हल बारीक ठिपके, म्हणजे डोळ्यांतली बाहुली किंवा दाढीचे खुंट, धूळ समजून खाऊन टाकते.

ए-४ पेक्षा मोठे चित्र

पाव इम्पीरियल कागद ११ × १५ इंचांचा, म्हणजे सुमारे २८ × ३८ सेंमीचा असतो. ए-४ काचेवर तो आडवा ठेवून दोन तुकड्यांत बसतो: २८ सेंमीची बाजू काचेच्या लांबीत मावते आणि ३८ सेंमीची बाजू दोनदा घेताना मधे सुमारे ४ सेंमीचा भाग दोन्ही तुकड्यांत येतो. जोडणीला हा समाईक भाग लागतोच. कागद न फिरवता नुसता सरकवावा. फिरवला तर स्कॅनरच्या दिव्याची दिशा बदलते आणि कागदाचा पोत दोन तुकड्यांत वेगळा दिसतो. ऑटो एक्सपोजर सुरू असेल तर एक तुकडा उजळ, एक गडद येतो. झाकण निघत असेल तर काढावे, कागदावर जाड वही ठेवावी आणि वरून काळे कापड पांघरावे.

तुकडे जोडणे आणि चित्र सरळ करणे हे दोन्ही सफाईच्या आधी, चित्र करडे असतानाच करावे. फिरवणे एकदाच. दर फिरवण्यागणिक पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि रेघ थोडी मऊ पडते.

कागद पांढरा, शाई काळी

० (काळा) ते २५५ (पांढरा) या मोजपट्टीवर स्कॅन केलेला कोरा कागद बहुधा २२५ ते २४५ च्या आसपास आणि शाई २० ते ५० च्या आसपास येते. सॉफ्टवेअरमधले लेव्हल्स (गडद-उजळपणा बदलायची खिडकी) उघडले की आलेखात उजवीकडे कागदाचा मोठा उंचवटा दिसतो आणि डावीकडे शाईचा लहान. पांढऱ्याची खूण कागदाच्या उंचवट्याच्या डाव्या पायथ्याशी आणावी, साधारण २१५ ला. काळ्याची खूण ४० च्या जवळ. मधली खूण किंचित उजवीकडे सरकवली की फिकट रेघा दाट होतात. दोन्ही टोके एकमेकांजवळ फार आणली तर करडी कड नाहीशी होऊन पुन्हा पायऱ्या पडतात. पेन्सिलच्या चित्राला जास्तच जपावे लागते, कारण पेन्सिल चकाकते, कधीच पूर्ण काळी होत नाही, आणि तिला काळे करण्याच्या नादात कागदाचे दाणेही वर येतात.

पांढरे दिसणारे सगळेच पांढरे नसते. २५३ आणि २५५ यांतला फरक पडद्यावर कळत नाही. त्यासाठी सगळ्यात वर तात्पुरता थ्रेशोल्ड लेअर (ठरवलेल्या आकड्याखालचे सगळे काळे आणि बाकीचे पांढरे दाखवणारा) घालून तो २५५ वर ठेवावा. लपलेली सगळी घाण काळ्या ठिपक्यांत समोर येते. ती खालच्या लेअरवर पांढऱ्या ब्रशने पुसावी आणि मग थ्रेशोल्ड काढून टाकावा.

रंगीत रेघा गाळणे

निळ्या पेन्सिलीने कच्चे काम आणि वर काळी शाई, ही जुनी सोय संगणकावरही उपयोगी पडते. अशा वेळी मात्र स्कॅन २४ बिट रंगीत हवा. मग चॅनेल्समध्ये (चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या भागांत) जाऊन फक्त निळा चॅनेल घ्यावा: निळी रेघ आणि पांढरा कागद दोन्ही निळा प्रकाश जवळपास सारखाच परत पाठवतात, म्हणून रेघ कागदात विरघळते. काळी शाई तिन्ही चॅनेल्समध्ये काळीच राहते. लाल पेन्सिल लाल चॅनेलमध्ये जाते.

पैठणीच्या काठापदरातला बांगडी-मोर, मुनिया, आसावली किंवा हिमरूची बुट्टी आलेख कागदावर काढलेली असते तेव्हा हीच युक्ती चौकटी घालवते. हिरव्या छपाईचा आलेख कागद असेल तर हिरवा चॅनेल, केशरी असेल तर लाल. छपाईची शाई अगदी शुद्ध रंगाची नसल्याने चौकटीची पुसट छाया उरते. ती लेव्हल्समध्ये निघते. मूळ रंगीत स्कॅन मात्र जपावा, कारण विणकराला चौकटी मोजाव्या लागतात.

रेघ सोडवणे आणि रंग

पांढऱ्या कागदासकट रेघ ठेवून तिचा लेअर ‘मल्टिप्लाय’ केला तर पांढरे दिसेनासे होते आणि खाली रंग भरता येतो. साध्या कामाला एवढे पुरते. रेघेलाच तपकिरी किंवा निळा रंग द्यायचा असेल तर पांढरे पारदर्शक करावे लागते. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चित्र आरजीबीत (लाल-हिरवा-निळा या रंगपद्धतीत) नेऊन ‘कलर टू अल्फा’ला पांढरा रंग द्यावा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल दाबून चॅनेलवर क्लिक करावे, निवड उलटावी आणि नव्या लेअरवर काळा भरावा. दोन्ही रीतींत करडी कड अर्धपारदर्शक काळी होते, म्हणजे ती टिकते.

रंग नेहमी खालच्या लेअरवर. बकेटने रेघेच्या लेअरवरच रंग ओतला तर तो करड्या कडेपाशी थांबतो आणि रेघेला आतून पांढरी किनार राहते. खालच्या लेअरवर निवड एक-दोन पिक्सेल फुगवून भरली की रंग रेघेच्या पोटाखाली जातो. रेघेत फट असेल तर रंग बाहेर सांडतो; गिंप २.१० मालिकेत बकेटला ‘लाइन आर्ट डिटेक्शन’ आले आहे, ते लहान फटी आपोआप बुजवते.

फ्लेक्ससाठी पुष्कळ दुकानांत कोरलड्रॉमध्ये चित्र ट्रेस करतात, म्हणजे पिक्सेलच्या चित्राचे आपोआप सलग आकार करून घेतात. अक्षरे आणि नक्षीला ते चालते. कुंचल्याच्या रेघेतला जाड-बारीकपणा आणि हाताची किंचित थरथर त्यात सपाट होते, म्हणून माणसांचे चेहरे ट्रेस करू नयेत. ऑफसेट छपाईला देताना काळी रेघ फक्त के (काळी शाई) १०० टक्के आणि ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापली जाणारी) असावी. आरजीबीतला काळा तसाच सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत नेला तर तो चार शायांचा होतो आणि प्लेट केसभर सरकली की रेघेला लाल-निळी किनार सुटते.

मूळ स्कॅन

काहीही न केलेला पहिला स्कॅन वेगळ्या नावाने, चित्राच्या मापासह आणि डीपीआयसह, दोन वेगळ्या जागी ठेवावा. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकारी-चित्रकाराने वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्या एकाच ठिकाणी होत्या. दुकानातल्या संगणकावरची फाइल तर तो संगणक पुढच्या वेळी फॉरमॅट करेपर्यंतच असते, म्हणून स्कॅन झाल्या झाल्या ती स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि तिथेच उघडून पाहावी.