सिअ‍ॅटलला कधी जावं?
मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी आणि सहलीला निघालेल्यांसाठी माहितीपत्रक

सिअ‍ॅटलमध्ये वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून कमी. तरी या शहराची ओळख पावसाळी अशीच आहे, कारण एवढासा पाऊस तिथे दीडशेहून जास्त दिवस पुरतो. आपल्यासारखी झड लागत नाही, विजा क्वचितच चमकतात, रस्ते तुंबणंही नेहमीचं नाही. भुरभुर चालू असते, थांबते, पुन्हा सुरू होते आणि आभाळ दिवसच्या दिवस राखाडी राहतं. कंटाळा येतो तो पावसापेक्षा त्या अंधारलेपणाचा.

तारखा ठरवताना लोकांचा सगळ्यात मोठा घोळ आपल्या सुट्ट्यांमुळे होतो. आपल्याकडे मोठी सुट्टी मे महिन्यात, नाहीतर दिवाळीत. सिअ‍ॅटलमध्ये मे महिन्यात डोंगरातले रस्ते बर्फामुळे अर्धेअधिक बंद असतात आणि दिवाळीच्या सुमाराला तिथला पावसाळा ऐन भरात आलेला असतो. त्यामुळे आधी तिकडचा हंगाम बघा, मग इकडची रजा जुळवा.

पाऊस कधी आणि का

उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरावरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो आणि समुद्रावरून येणारी वादळं अडवून धरतो. ऑक्टोबरमध्ये तो दक्षिणेला उतरला की वादळांची रांग थेट वॉशिंग्टन राज्यावर, म्हणजे हे शहर ज्या राज्यात आहे त्यावर येते. महिन्याचे आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होतं. नोव्हेंबरमध्ये सुमारे 160 मिलिमीटर, डिसेंबर आणि जानेवारीत प्रत्येकी 145च्या आसपास, एप्रिलमध्ये 80, मेमध्ये 50च्या आत. जुलैमध्ये जेमतेम 15 आणि ऑगस्टमध्ये 25. म्हणजे आपला जुलै धो धो पावसाचा, तर त्यांचा वर्षातला सगळ्यात कोरडा.

तापमान कुठल्याच टोकाला जात नाही. जानेवारीत दुपारी 8-9 अंश सेल्सिअस आणि पहाटे 3, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी 25-26 आणि पहाटे 14. अपवाद होतात. जून 2021च्या उष्णतेच्या लाटेत पारा 42 अंशांवर गेला होता, आणि तिथल्या बऱ्याच जुन्या घरांत एसी नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये घर किंवा हॉटेल घेताना ‘खोलीत एसी आहे का’ हे लेखी विचारून घ्या. नुसता ‘हीटिंग’चा उल्लेख असेल तर एसी नाही असं समजा.

शहराच्या पूर्वेकडे, जिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात त्या सॅमामिश, इसाक्वा या भागांत डोंगर जवळ असल्यामुळे पाऊस शहरापेक्षा जास्त असतो. आणि पश्चिमेला ऑलिम्पिक पर्वताची दुसरी बाजू बघा. समुद्राकडच्या होह जंगलात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, तर पर्वताच्या आडोशाला असलेल्या सेक्विम गावात जेमतेम 400. महाबळेश्वर आणि वाईमध्ये जे होतं तेच. याचा उपयोग करून घ्या. मे-जूनमध्ये शहरावर ढग असले तर सेक्विमच्या बाजूला ऊन मिळण्याची शक्यता बरीच असते.

उजेड

याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. 21 जूनच्या सुमाराला सूर्य सव्वापाचला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो, म्हणजे सोळा तासांचा दिवस. 21 डिसेंबरला सकाळी आठ वाजता उजाडतं आणि दुपारी सव्वाचार-साडेचारला दिवेलागण होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा संध्याकाळ एका रात्रीत तासभर अलीकडे येते. मुलं ऑफिसमधून घरी येईपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो. सहलीच्या भाषेत सांगायचं तर जुलैच्या एका दिवसात जेवढं बघून होतं, त्याला डिसेंबरमध्ये दोन दिवस लागतात.

आमची पहिली पसंती: 10 जुलै ते 10 ऑगस्ट

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन 4 जुलैला असतो, आणि खरा उन्हाळा त्यानंतर सुरू होतो असं सिअ‍ॅटलचे लोकच म्हणतात. जूनवर भरवसा ठेवू नका. समुद्रावरून आलेला खालचा ढग सकाळभर बसून राहतो आणि दुपारी विरळ होतो. जून-जुलैमध्ये स्पेस नीडल या उंच मनोऱ्याचं तिकीट सकाळी दहाचं घेतलं, तर पैसे देऊन पांढरं आभाळ बघावं लागतं. वेळ दुपारी तीननंतरची घ्या.

या काळाचा मोठा लाभ म्हणजे माउंट रेनिअर. हा 4392 मीटर उंचीचा, बर्फाने झाकलेला ज्वालामुखी शहरातूनही दिसतो, पण आकाश स्वच्छ असेल तरच. जवळून बघायला दोन मुख्य ठिकाणं आहेत, पॅराडाइज आणि सनराइज. पॅराडाइजला शहरातून गाडीने अडीच तास लागतात. तिथे मे महिन्यातही कित्येक फूट बर्फ असतं आणि पायवाटा जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण मोकळ्या होत नाहीत. सनराइजचा रस्ता तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो. रानफुलांचा बहर साधारण जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. कासचं पठार ज्यांना आवडतं त्यांनी याच तारखा धराव्यात. मेमध्ये जाणाऱ्यांना पॅराडाइजला बर्फ बघायला नक्की मिळतं, पण फुलं आणि पायवाटा मिळणार नाहीत, हे मनाशी पक्कं करूनच तारखा घ्या.

रेनिअरसाठी आधीच्या दिवशी रात्री तिथल्या नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावरचे कॅमेरे बघा. शहरात ऊन असलं तरी वर ढग असू शकतात आणि उलटंही होतं. म्हणून आम्ही कार्यक्रम आखताना रेनिअरचा एक दिवस पक्का करत नाही. तीन दिवसांची खिडकी ठेवतो आणि हवा बघून त्यातला एक दिवस वापरतो. काही हंगामांत प्रवेशासाठी वेळेचं आगाऊ आरक्षण लागलं आहे, त्यामुळे त्या वर्षीचा नियम निघण्याआधी तपासायलाच हवा. आरक्षण नसलं तरी शनिवार-रविवारी दहानंतर पार्किंग मिळणं कठीण. मधल्या वारी, सकाळी साडेआठच्या आत पोचा.

नॉर्थ कॅस्केड्स डोंगरातला रस्ता क्रमांक 20 हिवाळ्यात बर्फामुळे बंद होतो आणि बहुतेक वेळा एप्रिलअखेर ते मे या काळात उघडतो. त्याच रस्त्यावर डायब्लो तलाव आहे. हिमनद्यांनी घासलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं म्हणून त्याचा रंग निळा-हिरवा दिसतो, आणि तो सर्वांत गडद असतो जुलै ते सप्टेंबरमध्ये.

या महिन्याच्या अडचणीही ऐका. विमानभाडं आणि हॉटेल दोन्ही वर्षातली महागडी. अलास्काच्या क्रूझ बोटी सिअ‍ॅटलहून सुटतात, त्यांचे प्रवासी आदल्या रात्री शहरातच मुक्काम करतात. डाउनटाउनऐवजी विमानतळाला जोडणाऱ्या लाइट रेलच्या एखाद्या स्टेशनजवळ राहिलं तर खर्च बराच आटोक्यात येतो. तिकिटं फेब्रुवारीत पाहायला लागा.

आणखी एक. शहरात 26 अंश असले तरी समुद्राचं पाणी वर्षभर 8 ते 13 अंशांवरच असतं. बेनब्रिज बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीवर किंवा देवमासे बघायच्या बोटीवर डेकवर उभं राहिलात की दहा मिनिटांत हुडहुडी भरते. भर जुलैतही विंडचीटर आणि कानटोपी बरोबर हवी. बेनब्रिजला जाताना पायी प्रवाशाला फक्त सिअ‍ॅटलहून निघतानाच तिकीट लागतं, परत येताना नाही. फेरीला 35 मिनिटं लागतात आणि शहराचं सगळ्यात सुंदर दृश्य तिच्यावरूनच दिसतं.

दुसरी पसंती: सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे तिथला लेबर डे. तो झाला की शाळा सुरू होतात आणि गर्दी ओसरते. दुपारी 22 अंशांच्या आसपास हवा, पाऊस अजून कमी, हॉटेल जुलैपेक्षा स्वस्त. बॅलार्डच्या लॉक्सवर (बोटींना वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांवर) मासे वर चढण्यासाठी पायऱ्यांचा मार्ग केला आहे. काचेच्या खिडकीतून सामन मासे प्रवाहाविरुद्ध झेपावताना दिसतात, आणि पाहायला पैसे पडत नाहीत. जुलैमध्ये सॉकाय जातीचे मासे येतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिनूक आणि कोहो. सफरचंदांच्या बागाही याच सुमाराला भरतात.

धोका एकच, वणव्यांचा धूर. ऑगस्टच्या मध्यापासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत वॉशिंग्टन, ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि कॅनडातला धूर शहरावर येऊ शकतो. 2020 आणि 2022 साली त्याने बरेच दिवस खाल्ले. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार असलेल्यांनी आम्हाला आधी सांगावं. त्यांना आम्ही जुलैच सुचवतो. बाकीच्यांनी एन-95 मास्क जवळ ठेवावा, आणि हवेचा निर्देशांक 150च्या वर गेला तर त्या दिवशी संग्रहालय गाठावं. म्युझियम ऑफ फ्लाइटमध्ये अख्खा दिवस सहज जातो.

मार्च-एप्रिल

फुलांसाठी येणार असाल तरच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चौकातली चेरीची झाडं साधारण मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुलतात. शहराच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर स्कॅजिट खोऱ्यात एप्रिलभर ट्यूलिपची शेतं असतात. तारखा थंडीवर पुढेमागे होतात. शेतात चिखल घोट्यापर्यंत असतो, साडी किंवा पांढरे बूट टाळा. रविवारी गेलात तर अर्धा दिवस गाड्यांच्या रांगेत जाईल.

मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्यांसाठी

व्हिजिटर व्हिसावर किती दिवस राहता येईल ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सर्वसाधारणपणे सहा महिने मिळतात. पोचल्यावर आय-94 ही देशातल्या प्रवेशाची नोंद ऑनलाइन उघडून त्यावरची तारीख तपासा. व्हिसावर छापलेली मुदत वेगळी आणि ही वेगळी, परतायचं असतं ते या तारखेच्या आत.

हे सहा महिने मधल्या एप्रिलपासून मधल्या ऑक्टोबरपर्यंत बसवावेत. दिवस मोठा होत असताना पोचलात की वेळेच्या फरकाने बिघडलेली झोप लवकर सावरते. तो फरक उन्हाळ्यात साडेबारा तासांचा असतो. गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांना चालत बाहेर पडता येणं हाच तिथला मोठा आधार, आणि तो कोरड्या महिन्यांतच मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी असते की घराच्या डेकवर पापड-कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात. मेमध्ये हा प्रयत्न करू नका, ओलसर राहतात आणि बुरशी येते.

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्यांना महिना निवडता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणं आलं, तर तयारी अशी करा:

आपल्याकडचा प्लॅस्टिकचा रेनकोट नेऊ नका. आत घाम धरतो आणि थंडी वाजते. टोपी असलेलं, शिवणी आतून सीलबंद केलेलं जॅकेट तिथेच घ्या, मापाने एक नंबर मोठं, म्हणजे आत स्वेटर बसतो. छत्री नोव्हेंबरच्या वाऱ्यात उलटते.

सुती मोजे आणि जीन्स भिजल्या की दिवसभर ओल्या राहतात. लोकरीचे मोजे तीन-चार जोड आणि थर्मलचे दोन संच पुरतात. घरात हीटर असतो, त्यामुळे जाड गोधड्या नेऊन बॅगेचं वजन वाढवू नका.

बुटांचा तळ रबरी आणि खाचांचा हवा. शहर चढ-उताराचं आहे, आणि फुटपाथवर कुजलेल्या पानांचा जो थर साचतो त्यावरून घसरून मनगट मोडण्याची भीती खरी आहे.

रोज दुपारी बारा ते दोनमध्ये, भुरभुर असली तरी, अर्धा तास बाहेर पडा. उजेडाअभावी उदास वाटणं तिथे इतकं सर्रास आहे की डॉक्टर त्यासाठी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगतात. ड जीवनसत्त्वाची तपासणी निघण्यापूर्वी इथे करून घेतलेली बरी.

शहरात बर्फ वर्षातून मोजकेच दिवस पडतं, पण तेव्हा चढाचे रस्ते गोठतात आणि बसचे मार्ग बदलतात. डॉक्टरची वेळ असेल तर आदल्या दिवशी हवामान बघा. बर्फात घसरू नये म्हणून भाड्याच्या गाडीच्या चाकांना साखळ्या लावायला कंपन्या सहसा मनाई करतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत स्नोक्वाल्मी खिंड ओलांडून लेव्हनवर्थ गावाला जायचं असेल तर बस किंवा ट्रेन घ्या. स्नोक्वाल्मीचा 82 मीटरचा धबधबा मात्र खिंडीच्या अलीकडे आहे आणि हिवाळ्याच्या पावसातच तो भरून कोसळतो. हिवाळ्यात पाहुणे म्हणून गेलात तर तो चुकवू नका.

बुकिंगला येताना

आम्हाला पाच गोष्टी सांगा: बरोबरच्या सगळ्यांची वयं, कुणाला दम लागतो किंवा गुडघ्याचा त्रास आहे का, तिथे गाडी चालवणारं कुणी असेल का, रेनिअर बघायचाच आहे की शहरावर भागेल, आणि मुलांना ऑफिसातून सुट्टी कोणत्या आठवड्यात मिळते. शेवटचं उत्तर आधी आलं तर उत्तम, कारण जुलैच्या सुट्ट्या तिथेही सगळेच मागतात. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. हॉटेल रद्द करता येण्याजोगं घ्या आणि रेनिअरच्या तीन दिवसांत दुसरं कुठलंही पैसे भरलेलं तिकीट ठेवू नका.