वाचलं म्हणजे सावरलं का?

मे महिन्यात पुण्यातल्या पोहण्याच्या टँकांवर मुलांची झुंबड असते. त्यातलं एखादं बुडतं. बाहेर काढतात तेव्हा श्वास नसतो, हृदयही थांबलेलं असतं. कुणीतरी छातीवर दाब देतं, तोंडाने श्वास देतं, १०८ येते आणि मूल परत येतं. काही आठवड्यांनी ते घरी येतं, तेव्हा आजी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. शेजारी म्हणतात, "बरा झाला हो!"

वाचला, हे खरं. सावरला का, ते अजून कळायचं असतं. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि तिची किंमत ते मूलच मोजतं.

वाचणं मोजायला सोपं. त्यासाठी डॉक्टरांची १ ते ६ अशी एक ढोबळ श्रेणी असते: १ म्हणजे वयाला साजेसं, ६ म्हणजे मेंदूमृत. चालतं, बोलतं, हाताने जेवतं, म्हणजे निकाल चांगला. सावरणं वर्गात दिसतं. बाईंनी फळा पुसायच्या आत उतरवून होतं का? काल पाठ केलेला पाढा आज आठवतो का? दोन कामं एकदम सांगितली तर दुसरं ध्यानात राहतं का?

हा फरक का पडतो? मोठ्यांचं हृदय बरेचदा त्याच्या स्वतःच्या आजारामुळे थांबतं. मुलांमध्ये बहुतेकदा आधी श्वास कोंडतो, कधी पाण्यात, कधी घशात अडकलेल्या शेंगदाण्याने, आणि मग हृदय थांबतं. म्हणजे मेंदूची उपासमार त्याआधीच सुरू झालेली असते, आणि नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग त्यात लवकर होरपळतो. (म्हणूनच मुलांना नुसते दाब पुरत नाहीत. एकटे असाल तर दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचेच.)

रुग्णालयाबाहेर हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या, पण बेशुद्धच राहिलेल्या मुलांवरचा अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाचं शरीर ३३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवलं, दुसऱ्याचं ३६.८ अंशांवर. वर्षभराने जिवंत होती अनुक्रमे ३८ आणि २९ टक्के मुलं. रोजच्या व्यवहारात चांगली सावरलेली मात्र २० आणि १२ टक्के. दोन उपचारांतला फरक ठोस ठरला नाही. मला त्यात महत्त्वाची वाटते ती ३८ आणि २० यांच्यामधली दरी.

शिवाय ही दरी उशिरा उघडते. दोन वर्षांच्या बाळाकडून नियोजनाची अपेक्षा कोण करतं? चौथी-पाचवीत अभ्यास वाढतो, तेव्हा गाडी अडते. तोवर ती घटना सगळे विसरलेले असतात आणि पोराला 'आळशी', 'लक्षच नसतं' अशी लेबलं चिकटतात. हे पाहून जीव तुटतो. काही मुलं खरोखर पूर्ण सावरतात, हेही तितकंच खरं. पण ते तपासूनच कळतं.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये जीव वाचवण्याच्या साखळीत (म्हणजे मदत बोलावण्यापासून रुग्णालयातल्या उपचारांपर्यंतच्या पायऱ्यांत) 'सावरणं' हा सहावा दुवा जोडला, तो याचसाठी. तेव्हा डिस्चार्जचा कागद कपाटात ठेवू नका, दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना दाखवा. मूल छान दिसत असलं तरी बालमेंदूतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञांकडून स्मरण, लक्ष आणि कामाचा वेग तपासून घ्या, आणि शाळा बदलताना पुन्हा एकदा. अडचण निघालीच, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दहावीची वाट पाहू नका. बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ मिळतो, पण कागदपत्रं आधीपासून तयार लागतात.