वर्क परमिटचे कागद: आधी कोणते काढायचे, नंतर कोणते

परदेशातल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की बहुतेक जण दोन कामं लगेच उरकून टाकतात: पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) आणि मेडिकल. दोन्ही आपल्या हातातली, म्हणून तीच आधी. पण फाइल सगळ्यात जास्त रखडते ती याच घाईमुळे. या दोन्ही कागदांना मुदत असते. डिग्री आणि विवाह प्रमाणपत्राला तशी मुदत नसते, पण ती प्रमाणित व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात क्लिअरन्सची मुदत संपते आणि तो पुन्हा काढावा लागतो.

म्हणून परमिटच्या कागदांचं काम पाहणाऱ्या आमच्या ऑफिसात काम उलट्या टोकाने सुरू होतं. आधी डिग्री. जायचा देश १९६१च्या हेग करारात (एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याचा करार) असेल तर बहुतेक वेळा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा त्या करारातला सरकारी शिक्का, पुरतं. संयुक्त अरब अमिरातीसारखा देश त्या करारात नाही, तिथे त्या देशाच्या दूतावासाचं अटेस्टेशन (साक्षांकन) लागतं, म्हणजे आणखी एक टप्पा. आणि हे काम कागद ज्या देशाने दिला त्याच देशात होतं. शिक्षण एकीकडे आणि सध्याची नोकरी दुसरीकडे असेल, तर कागदाच्या येण्याजाण्याचे दिवसही धरून चाला.

कृपया प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि ते सोलताना कागद फाटला तर डुप्लिकेट काढण्यापासून सुरुवात. भाषांतरही आधी करून आणू नका. बऱ्याच ठिकाणी अपोस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर मागतात, त्यामुळे आधी केलेलं वाया जातं.

‘व्हिसा झाला, मग परमिट कशाला?’ हे रोज विचारलं जातं. व्हिसा देशात शिरण्यासाठी, परमिट काम करण्यासाठी. काही देश दोन्ही एकत्र देतात, काही वेगवेगळे. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवस राहू देणाऱ्या पर्यटन व्हिसावर नोकरी करता येत नाही. ‘आधी जाऊ, मग बदलून घेऊ’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परमिट बहुधा ठरावीक कंपनीसाठीच असतं, आणि सुरुवातही अनेकदा कंपनीकडूनच व्हावी लागते. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी कंपनीने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (कंपनी प्रायोजक असल्याचा दाखला) दिल्यावर तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. जपानच्या सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटीची (व्हिसाआधी तिथल्या इमिग्रेशनकडून मिळणारा पात्रतेचा दाखला) मुदतही साधारण तीन महिनेच. एवढ्या वेळात डिग्रीचं काम सुरू करून भागत नाही, ती तयारच हवी.

‘मेडिकलची अपॉइंटमेंट पहिल्याच दिवशी का घेत नाही?’ अशी तक्रार येते. ब्रिटनसाठी लागणारं टीबीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, कॅनडाचं मेडिकल बारा महिने. हे दिवस अर्जाच्या तारखेवरून मागे मोजत जाऊनच आम्ही अपॉइंटमेंट ठरवतो. सुरुवातीला काम संथ वाटेल, पण मेडिकल दुसऱ्यांदा करावं लागलं तर खर्च तुमचाच होतो आणि जॉइनिंगची तारीखही पुढे जाते. मंजुरी हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका आणि परत न होणारं तिकीटही काढू नका. नोटीस पिरियड मोठा असेल तर जॉइनिंगची तारीख मंजुरीनंतरची ठेवायला कंपनीला सुरुवातीलाच सांगा. बहुतेक कंपन्या ऐकतात.

पहिल्या भेटीला ऑफर लेटर, पासपोर्टच्या सगळ्या पानांचा स्कॅन (जुन्या पासपोर्टचाही) आणि डिग्रीच्या दोन्ही बाजू आणा. मागच्या बाजूचा शिक्का अनेकदा महत्त्वाचा ठरतो. शिवाय आजवर कोणत्या देशात कधीपासून कधीपर्यंत राहिलात ते तारखांसह लिहून आणा, कारण पोलीस क्लिअरन्स आधीच्या देशांचाही मागितला जाऊ शकतो, आणि तिथून तो यायला वेळ लागतो. यावरून कोणता कागद कधी काढायचा याचा तक्ता आम्ही त्याच भेटीत करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुढचा अर्ज तुम्ही स्वतः भरणार असाल, तरीही तक्ता घेऊन जा.