सोलर प्लेट उजेडावर चालते, उन्हाच्या झळेवर नाही

मागच्या मे महिन्यात वरोऱ्याकडे मामाच्या वावरात गेलो होतो, पारा ४५ च्या वर, आणि मामा सोलर पंपावर चिडलेला. "काहून रे, एवढी तपन हाय अन् मोटर पानी कमी काहून मारते? फेब्रुवारीत तं पाईप भरून येत होतं. नकली प्लेटा देल्या वाटते आपल्याले."

हा गैरसमज गावोगावी आहे. जितकी गरमी जास्त तितकी वीज जास्त, असं सगळे धरून चालतात, कारण सोलरवर पाणी गरम करायचं यंत्र तसंच चालतं ना. पण प्लेट हे वेगळंच प्रकरण आहे, तिला उजेड लागतो, आणि तापली की ती मागे पडते. (मे मध्ये विहीर खाली जाते, मोटरला जास्त उंच पाणी ढकलावं लागतं, हेही एक कारण आहेच.)

आतलं काम मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्लेट सिलिकॉनची असते. सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात, सुटायला त्यांना साधारण १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (एवढ्या बारीक ऊर्जेचं माप) एवढा धक्का लागतो. उजेडाच्या एका कणात तेवढा दम असला तर इलेक्ट्रॉन सुटतो, कमी असला तर काहीच होत नाही, जास्त असला तर वरची सगळी ऊर्जा प्लेट तापवण्यात जाते. आता सुटलेला इलेक्ट्रॉन परत आपल्या खड्ड्यात पडू नये म्हणून सिलिकॉनचे दोन थर केलेले असतात, एकात फॉस्फरसची भेसळ, दुसऱ्यात बोरॉनची. ते जिथं भेटतात तिथं विजेचा उतार तयार होतो आणि इलेक्ट्रॉन एकाच बाजूला वाहून साचतात, जसं बांध घातल्यावर पाणी साचतं. जेवढं साचेल तेवढा व्होल्टेज, एका सेलला साधारण ०.६ व्होल्ट.

पण प्लेट तापली की नुसत्या गरमीनंच सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन सुटायला लागतात आणि बांध झिरपतो. एका डिग्रीला एका सेलचा साधारण २ मिलिव्होल्ट जातो. ऐकायला काहीच नाही, पण ७२ सेल एकामागं एक जोडलेले असतात. हिशोब केला तर एका डिग्रीला साधारण ०.४ टक्के पॉवर कमी. प्लेटीच्या मागे ३३० वॅट लिहिलंय ते सेल २५ डिग्रीला असताना मोजलेलं, आपल्याकडे मे मध्ये दुपारी प्लेट ७० डिग्रीला जाते, म्हणजे ४५ डिग्री जास्त, १८ टक्के गेले, उरले २७० वॅट. मी मागून हात लावून पाहिला, लगेच ओढून घ्यावा लागला.

तिकडे चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या थर्मलमध्ये मात्र गरमीचीच वीज होते, कोळसा जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, तरी कोळशातल्या उष्णतेचा एक तृतीयांशच भाग वीज होतो. आणि तो कोळसा म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांनी साठवलेलं ऊनच, पण एकदा जाळलं की संपलं. मामाच्या प्लेटांना आजचं ऊन पुरतं आणि रात्रीच्या लाईनसाठी साप-विंचवात वावरात जावं लागत नाही, म्हणून मला ह्या प्लेटा जपाव्या वाटतात.

नजर लागली म्हणून कोणीतरी प्लेटीच्या वरच्या कडेला लिंबू-मिरची टांगली होती. ती मी काढायला लावली. सेल एकामागं एक जोडलेले असल्यानं एका सेलवर लिंबाएवढी सावली पडली तरी त्याच्या रांगेतल्या बाकीच्यांचा करंट अडतो, म्हणजे ज्या नुकसानीला घाबरून टांगली तेच नुकसान ती स्वतः करत होती.

खरा दोष प्लेटांखाली होता. मामानं तिथं पऱ्हाटीचा ढीग रचून ठेवला होता, पार प्लेटीच्या पाठीला टेकेपर्यंत, खालून वारा यायला जागाच नाही. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तो सगळा बाहेर ओढला. दुपारी तापलेल्या काचेवर मामा बादलीनं थंड पाणी मारत होता तेही बंद करायला सांगितलं, काच तडकू शकते. आता तो सकाळी सहाला, प्लेटा गार असताना, ओल्या फडक्यानं धूळ पुसून घेतो.